शेगडी आधी बाहेर काढा

पत्र : आमच्याकडे तीन गावरान कोंबड्या आहेत. त्यातली चिंगी दोन वर्षांची, मुलानं पिल्लापासून हातावर वाढवलेली. गेल्या आठवड्यात थंडी वाढली तेव्हापासून ती कोपऱ्यात पिसं फुलवून बसते. दाण्याकडं बघत नाही, पाणी दोन-चार घोट. शीट पातळ, हिरवट. रात्री घशातून घरघर ऐकू येते. खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली आहे आणि रात्री आत निखाऱ्याची शेगडी ठेवतो. सासूबाई म्हणतात, आल्याचा रस आणि झाकणभर दारू पाजा. मेडिकलमधून कॅप्सूल आणल्या आहेत, अजून दिल्या नाहीत. दहा दिवसांपूर्वी बाजारातून आणलेला कोंबडा मात्र ठणठणीत आहे. मुलगा पाचवीत आहे, तो चिंगीला रात्री अंथरुणात घ्यायचं म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, मेढा परिसर, जि. सातारा

ताई, पुढचं नंतर वाचा. आधी उठून ती शेगडी बाहेर काढा. चारी बाजूंनी ताडपत्री आणि आत निखारे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडून ठेवायची पूर्ण सोय झाली. या वायूला ना वास ना रंग. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळं. कोंबडीचा श्वास तर आपल्यापेक्षा वेगळा चालतो. हवा फुप्फुसातून जाऊन पोटात, छातीत, अगदी काही हाडांतसुद्धा पसरलेल्या हवेच्या पिशव्यांत फिरते. चांगली हवा जशी झटकन भिनते, तशीच वाईटही.

शेगडी निघाली की ताडपत्रीकडं वळा. एका रात्रीत एक कोंबडी बरीच शीट टाकते, त्यातून अमोनिया सुटतो आणि श्वासातली वाफ आतच राहते. सकाळी ताडपत्री उघडाल तेव्हा उभ्यानं नको, कोंबडीच्या उंचीला वाकून वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबलं, तर घरघरीचं एक कारण तुम्हाला तिथंच सापडलं. वाऱ्याच्या बाजूची ताडपत्री राहू द्या, पण ती बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या जरा वरपर्यंतच. छपराखाली चारी बाजूंनी वीतभर फट मोकळी हवी. अंगावर झोत नको, पण डोक्यावरून हवा खेळती हवी. बर्फ पडणाऱ्या मुलखातले व्हिडिओ बघून खुराडी हवाबंद करायची आणि तुऱ्याला व्हॅसलीन चोळायची टूम सध्या निघाली आहे. आपल्याकडं पाणी गोठत नाही, तिथं तुरा कुठून गोठणार?

आता चिंगीबद्दल. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि वरून पिसांची दुलई. पहाटे पारा १०-१२ अंशांवर उतरला तरी धडधाकट मोठ्या कोंबडीचं त्यानं काही बिघडत नाही. म्हणजे चिंगी थंडीनं आजारी पडलेली नाही. ती आधीच आजारी होती, म्हणून तिला थंडी सोसेनाशी झाली. कोंबड्या आजार लपवतात, कारण कळपात दुबळी दिसली की बाकीच्या टोचून हैराण करतात. पिसं फुलवून कोपऱ्यात बसायची वेळ येते तोवर आजार दोन-चार दिवस जुना झालेला असतो. म्हणून आज रात्री ऊब आणि पाणी, आणि उद्या सकाळी दवाखाना. अजून दोन दिवस वाट बघू, हे चिंगीच्या बाबतीत करू नका. का, ते पुढं येतंच.

(खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडीही फुगून बसते, त्यामुळं काही जण फसतात. पण खुडूक झालेली हात नेला की फिसकारते, टोचते आणि दिवसातून एकदा उठून भलीमोठी, घाण वासाची शीट टाकून परत बसते. आजारी कोंबडी हात नेला तरी डोळे मिटून बसून राहते. पिसं झडायच्या दिवसांतही कोंबडी ओबडधोबड दिसते, अंडी थांबवते, पण दाण्यावर तुटून पडते.)

ऊब अशी द्या. टोमॅटो किंवा द्राक्षांचं प्लॅस्टिकचं क्रेट घ्या. बाजारात जुनं मिळतं आणि धुवायला सोपं असतं. तळाशी तरट किंवा जुना टॉवेल टाका. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, पाय घसरतात आणि अशक्त कोंबडीचे पाय फाकतात. वर पांढरं फडकं अंथरलं की शीटेचा रंग नीट दिसतो. क्रेटच्या तीन बाजू गोणपाटानं झाका, चौथी आणि वरचा भाग मोकळा ठेवा. जागा घरातच, पण स्वयंपाकघर नको. चुलीचा धूर, फोडणीचा ठसका आणि मुख्य म्हणजे नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफा पक्ष्याचा जीव घेतात. माजघराचा कोपरा चांगला.

बल्ब ६० वॉटचा, जुना तारेचा पिवळा. एलईडी उजेड देईल, ऊब देणार नाही. कोंबडीच्या पाठीपासून दीड फूट वर, क्रेटच्या एका टोकाला टांगा. मधोमध नको. दुसरं टोक थंड राहिलं तर तिला नको वाटेल तेव्हा सरकता येतं. बल्ब वायरवर लोंबकळत न ठेवता तारेनं पक्का बांधा आणि भोवती जाळी लावा, कारण गोणपाट जवळ आहे. तापमापी असेल तर कोंबडीच्या उंचीला २७ ते ३० अंश धरा. नसेल तर तिच्याकडेच बघायचं. ती चोच उघडून धापा टाकत पंख अंगापासून दूर धरत असेल तर बल्ब वर घ्या. बल्बखाली सरकून अजूनही फुगलेलीच असेल तर चार बोटं खाली. पिसं अंगाला लागून बसली आणि मान हलू लागली की ऊब बरोबर जमली.

लाईट गेली तर एक लिटरच्या बाटलीत हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी भरा. उकळतं पाणी ओतलं तर प्लॅस्टिकची बाटली आकसते, झाकण सैल होतं आणि ओली झालेली आजारी कोंबडी रात्रभरात जाते. बाटली जुन्या मोज्यात किंवा टॉवेलात गुंडाळून तिच्या कडेला ठेवा. दोन-अडीच तासांनी पाणी बदलावं लागेल, पहाटेचा गजर लावूनच झोपा.

खाणं लगेच नको. गारठलेल्या कोंबडीची अन्नपिशवी जवळजवळ थांबलेली असते. तिच्यात घातलेला घास पुढं सरकत नाही, तिथंच आंबतो. आधी तासभर ऊब, मग पाणी, आणि खाणं त्यानंतर.

पाणी कोमट. मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. अर्ध्या लिटरमध्ये अर्धं पाकीट असला अंदाजपंचे हिशेब करू नका, पुडीत मीठ-साखर सारखी विभागली जात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढलं तर फायद्याऐवजी अपाय. हे पाणी बारा तासांनी फेकून नवं करा आणि दोन दिवसांपलीकडं चालू ठेवू नका, नंतर साधं पाणी द्या.

ती आपणहून पीत नसेल तर पाजावं लागेल, आणि इथंच सगळ्यात जास्त कोंबड्या माणसाच्या हातून मरतात. चोच फाकवून बघा : जिभेच्या मुळाशी एक फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. आपल्यासारखं तिला झाकण नाही. चमचाभर पाणी तोंडात ओतलं की ते सरळ त्या फटीत उतरतं, आणि घरघरणाऱ्या कोंबडीला न्यूमोनिया जोडून मिळतो. म्हणून ओतायचं नाही. बिनसुईची सिरिंज घ्या, चोचीच्या कडेला बाहेरून एक थेंब लावा. ती जीभ हलवून गिळेल. मग दुसरा थेंब. एका वेळी पाच मिली झालं की थांबा, अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा. दीड किलोच्या कोंबडीला दिवसभरात साधारण ७५ मिली गेलं पाहिजे, म्हणजे चहाचे पंधरा चमचे. वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

आता सासूबाईंचा सल्ला. त्यांचा हेतू ऊब देण्याचाच आहे, पण दारूनं उलटं होतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब बाहेर पडते. आल्याचा रस घशाला झोंबला की कोंबडी मान झटकते आणि तो नेमका त्या उघड्या फटीत जातो. आलं चहात घाला आणि जागरण करणाऱ्यांनी प्या. मेडिकलच्या कॅप्सूल तशाच राहू द्या. त्या माणसाच्या वजनाच्या हिशेबानं केलेल्या असतात. आजार विषाणूचा असेल तर अँटिबायोटिक त्याला शिवतही नाही, आणि अंड्यांत औषध उतरतं ते वेगळंच.

ऊब लागल्यावर तिला एकदा हातानं नीट तपासा. धरताना छाती आवळू नका, हे मुलालाही सांगा. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड वर-खाली झालं तरच हवा आत-बाहेर होते, त्यामुळं मायेनं घट्ट कवटाळलेली कोंबडी गुदमरते. उताणीही करू नका. काखेत सैल धरून छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंचं मांस उतरून ते सुरीच्या पात्यासारखं लागलं तर दुखणं आठवड्याचं नाही, जुनं आहे. जंत किंवा आणखी काही. मानेच्या बुडाशी, तिच्या उजव्या बाजूला अन्नपिशवी असते. सकाळी ती रिकामी लागायला हवी. न खाताही दगडासारखी घट्ट, किंवा पाण्याच्या फुग्यासारखी डुबडुबीत आणि तोंडाला आंबट वास, तर तिथं अडकलंय. ते काढायला तिला उलटी लटकवायची रीत गावात आहे, ती जीवघेणी आहे. पंखाखाली आणि गुदाभोवती पिसं बाजूला करून पिसवा, उवा बघा. पिसांच्या बुडाला पांढरट गुठळ्या चिकटलेल्या असतात, ती उवांची अंडी. तुरा फिका पडला असेल तर रक्त कमी झालंय, निळसर-जांभळा असेल तर हवा कमी पडतेय. शेपटी खाली टाकून सारखी कुंथत असेल तर अंडं अडकलं असण्याची शंका घ्या.

शीटेचं सांगायचं तर, हिरवा रंग बघून लगेच घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. दोन दिवस उपाशी असलेल्या कोंबडीच्या शीटेत नुसतं पित्त उतरतं, ते हिरवंच दिसतं. पण हिरवी हगवण आणि घरघर एकत्र आली की मानमोडीची, म्हणजे राणीखेतची शंका घ्यावीच लागते. रक्त दिसलं तर रक्ती हगवण. आठ-दहा शीटांमागे एक तपकिरी, लेपासारखी आणि वासाळ असते, ती मात्र निरोगीपणाची.

आणि आता तो कोंबडा. तुम्ही त्याचं सहज एका ओळीत लिहिलंय, पण आमचं लक्ष सगळ्यात आधी तिथं गेलं. तो ठणठणीत आहे, यानं काहीच सिद्ध होत नाही. लस टोचलेला किंवा जुन्या आजारातून उठलेला पक्षी वरून धडधाकट दिसतो आणि रोग पसरवत राहतो. सर्दीच्या आणि जुनाट श्वासरोगाच्या जंतूंच्या बाबतीत तर बरे झालेले पक्षी पुढं कायमचे वाहक राहू शकतात. मानमोडी अंगात शिरल्यापासून दिसायला दोन ते पंधरा दिवस घेते, बहुतेकदा पाच-सहा. तुमचा कोंबडा येऊन दहा दिवस झाले आणि चिंगी आठवडाभर आजारी आहे. जुळतंय. कोंबडाच कारण, असं इथून म्हणता येणार नाही, पण त्याला आजच वेगळा करा, परड्याच्या दुसऱ्या टोकाला. बाजारातून आणलेला कोणताही पक्षी तीन आठवडे वेगळाच ठेवायचा असतो. या वेळी राहिलं, पुढच्या वेळी पाळा.

सकाळी दाणा-पाणी द्यायचा क्रम असा : आधी चांगल्या दोन कोंबड्या, मग कोंबडा, शेवटी चिंगी. उलटं फिरायचं नाही. चिंगीची भांडी वेगळी, तिच्याकडं जायची चप्पल वेगळी, आल्यावर साबणानं हात.

उद्या दवाखान्यात नेताना पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात न्या. पाय बांधून गाडीच्या हँडलला उलटी लटकवून नेलीत तर घरघरणारी कोंबडी वाटेतच जाईल. अन्नपिशवीतलं पाणी घशात येतं आणि आतडी फुप्फुसांवर दाबतात. सोबत डबीत ताजी शीट, मोबाईलवर रात्रीच्या घरघरीचा व्हिडिओ आणि ती खात असलेला मूठभर दाणा घ्या. बुरशी लागलेला मका हे घरच्या कोंबड्यांच्या आजाराचं न दिसणारं कारण असतं. कोंबडा कधी आणला ते डॉक्टरांना आपणहून सांगा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर दौऱ्यावर असतील तर १९६२ हा टोल फ्री नंबर लावा. जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड वाटलं तर तिथं नेता येतं.

मात्र रात्रीतच मान वाकडी होऊन फिरू लागली, पाय ओढू लागली, मान ताणून चोच उघडून हवा ओढू लागली, किंवा दुसरी कोंबडीही बसली, तर डॉक्टरांना आधी फोन करा आणि पक्षी हलवण्यापूर्वी विचारा. आणि एक-दोन दिवसांत एकामागून एक मरू लागल्या, वाडीत दुसरीकडंही तसंच होत असेल, तर मेलेल्यांना हात न लावता लगेच कळवा. बर्ड फ्लू आपल्या राज्यात २००६ साली नवापूरला आला तेव्हापासून ही गोष्ट हसण्यावारी न्यायची राहिलेली नाही.

चिंगी वाचली नाही, तर तिला ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवून त्याच दिवशी शिरवळला नेता आली तर शवविच्छेदनातून कारण कळतं आणि बाकीच्या वाचतात. ते जमत नसेल तर तीन फूट खड्डा, खाली-वर चुना आणि माती. आजारी कोंबडी मरायच्या आत कापून खायची पद्धत आहे, ती अजिबात नको. तिला सोलताना जंतू हाताला, विळीला, परड्याला सगळीकडं लागतात.

वाचली, आणि आम्हाला तशी आशा आहे, तर पहिल्या दिवशी शाळूच्या मऊ शिजवलेल्या कण्या, त्यात थोडं उकडलेलं अंडं कुस्करून. दोन-दोन चमचे, दिवसातून पाच वेळा. तेल-तूप नको. खाऊ लागली आणि शीट घट्ट झाली तरी लगेच थंडीत सोडू नका. आधी दिवसा बल्ब बंद, दोन दिवसांनी रात्रीही, मग दोन दिवस जाळीआड बाकीच्यांच्या नजरेसमोर आणि शेवटी अंधार पडल्यावर हळूच दांडीवर बसवा. दिवसा सोडलीत तर बाकीच्या दोघी परकी समजून टोचतील.

तोवर खुराड्यात भाताचं तूस चार बोटं जाड पसरा, तुमच्या जावळी तालुक्यात त्याला तोटा नाही. एक दिवसाआड उकरून वर-खाली करा. मूठभर उचलून दाबा : मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल आहे, बदला. दांडी दोन इंच रुंद, कडा घासलेली असावी. पातळ दांडीवर बोटं पिसांबाहेर राहतात आणि तिथून रात्रभर ऊब जाते. सूर्य मावळायच्या तासभर आधी दर कोंबडीला अर्धी मूठ मका किंवा शाळू टाका, रात्री दाणा पचताना अंगात ऊब तयार होते.

लसीचं चिंगी पूर्ण बरी झाल्यावरच बघा, आजारी पक्ष्याला लस द्यायची नसते. मानमोडीसाठी पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस आणि सहा-आठ आठवड्यांच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, आर२बी ही लस मिळते. मोठ्यांना काय आणि कधी, ते डॉक्टर सांगतील. घरच्या चार कोंबड्यांसाठी अडचण एकच : कुपी शंभर डोसची येते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतली आठ-दहा घरं एकाच सकाळी गोळा करा. कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणायची, खिशातून नाही.

अंड्यांचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो : चिंगीचं अंडं सध्या खाऊ नका, आणि औषध चालू झालं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस. बाकीच्या दोघींची अंडी पूर्ण उकडून चालतील.

मुलाला मात्र नाही म्हणा. चिंगीला अंथरुणात घ्यायचं नाही आणि चोचीजवळ तोंडही न्यायचं नाही, हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. त्याऐवजी त्याला एक काम द्या. रोज सकाळी सात वाजता दाणा द्यायच्या आधी चिंगीला कापडी पिशवीत ठेवून काट्याला लावायचं आणि वहीत तारीख, वजन, शीटेचा रंग लिहायचा. दीड किलोची कोंबडी दीडशे ग्रॅम उतरली की काळजीचं. ती वही उद्या डॉक्टरांकडं नेताना विसरू नका.